द्राक्षवेल : पुनर्रोपणानंतरची निगा (मुंबई)

एका जागेवरून काढून दुसरीकडे लावलेली द्राक्षवेल नव्या मातीत जीव धरेपर्यंत तिची घ्यावी लागणारी काळजी. मुंबईत द्राक्षबागा नाहीत. इथे प्रश्न येतो तो इमारत पुनर्विकासाला गेल्याने हलवलेल्या अंगणातल्या वेलीचा, नाहीतर नाशिकहून पिशवीत आणून गच्चीवरच्या पिंपात लावलेल्या कलमाचा.

वेल उपटताना जाड मुळे बहुधा वाचतात, पण पाणी शोषणारी तंतुमुळे तुटतात. पानांतून बाष्प मात्र उडतच राहते. म्हणून माती ओली असूनही वेल मान टाकते, पानांच्या कडा वाळतात. ते पाहून लोक आणखी पाणी ओततात आणि तेच वेलीच्या मुळावर येते : निचरा नसलेल्या पिंपात हवा उरत नाही, उरलीसुरली मुळे कुजतात. वरची दोन इंच माती सुकल्याशिवाय पाणी देऊ नये.

खरा उपाय कात्रीचा. फार हळहळ न करता वरचा पसारा दोन-तीन डोळ्यांच्या (म्हणजे फूट निघते त्या कळ्यांच्या) एक-दोन काड्यांवर आणावा. खोडात आणि जाड मुळांत साठलेल्या अन्नावर नवे फुटवे निघतात. कापलेल्या टोकातून पाणी ठिबकू लागले तर घाबरू नये. मुळे कामाला लागल्याची ती खूण आहे. बरेच दिवस काही हालचाल नसेल तर नखाने साल खरवडून पाहावी. आत हिरवे असेल तोवर वेल टाकून देऊ नये. महाराष्ट्रात पुष्कळ कलमे डॉगरिज या जंगली द्राक्षजातीच्या खुंटावर, म्हणजे मुळांकडच्या भागावर, बांधलेली असतात. जोडाच्या खालून आलेली जोमदार फूट खुंटाची असते, ती काढावी.

मुंबईत वेल हलवायला डिसेंबर-जानेवारी बरा. एप्रिल-मेमध्ये तापलेला स्लॅब मुळे भाजून काढतो. पिंप विटांवर ठेवून वर ५० टक्के सावलीची जाळी बांधावी. पावसाळ्यात वेल कमी कोमेजते, पण कोवळ्या पानांवर केवडा आणि करपा हे बुरशीचे रोग पडतात. पानाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसली की ते पान लगेच तोडावे.

नवी पाने पुरती उघडेपर्यंत युरिया देऊ नये. पहिल्या वर्षी आलेले घड खुडावेत. नाशिक-सांगलीकडची एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठीची) आणि ऑक्टोबरची फळछाटणी (घडांसाठीची) काड्या पेन्सिलीइतक्या जाड होईपर्यंत लांबणीवर टाकावी.