पांढरीतून वेचलेलं तगर: तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयाची पार्श्वभूमी

धाराशिव जिल्ह्यातलं तेर आपल्याला माहीत असतं ते गोरोबाकाकांचं गाव म्हणून. पण तेरणेकाठच्या या गावाची ओळख वारकरी परंपरेहून कितीतरी जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचं फार मोठं नगर असल्याचा उल्लेख आहे. तिथलं साधं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात असे. पुढे शिलाहार राजेही स्वतःला अभिमानाने 'तगरपुरवराधीश्वर', म्हणजे श्रेष्ठ तगरनगरीचे स्वामी, म्हणवत.

हे तगर नेमकं कुठलं, यावर विद्वानांचा वाद बराच काळ चालला. कुणी जुन्नर सांगितलं, कुणी देवगिरी, तर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा कल धारूरकडे होता. तगर म्हणजे तेरच, असं शिलालेखांचे अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी 1901 मध्ये मांडलं. मग पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी इथल्या टेकाडांची आणि विटांच्या त्रिविक्रम मंदिराची पाहणी केली. मागची बाजू अर्धगोल असलेलं हे चापाकार मंदिर मुळात बौद्ध चैत्य, म्हणजे प्रार्थनागृह, असावं, असं अनेक अभ्यासक मानतात.

वाद कागदावर मिटला, पण वस्तू मातीतच होत्या. मराठवाड्यात जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढरी म्हणतात आणि तिथली माती धाब्याच्या घरांवर पसरायला नेतात. पावसाळ्यात ही टेकाडं धुपली की मणी, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे उघडे पडतात. पोरांच्या हाती लागलेलं असं किती हरवलं असेल, याची कल्पनाच करवत नाही.

गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी ते हरवू द्यायचं नाही असं ठरवलं. पुरातत्त्वाची पदवी नसलेल्या या गृहस्थाने मण्यांपासून मृण्मूर्तींपर्यंत (भाजलेल्या मातीच्या मूर्तींपर्यंत) जे सापडेल ते जपून ठेवलं. वस्तू जमिनीच्या कोणत्या थरातून आली, ज्यावरून तिचा काळ ठरतो, याची नोंद अशा संग्रहात राहत नाही आणि अभ्यासकाच्या दृष्टीने ते नुकसान मोठंच आहे. तरी माझ्या मते लामतुऱ्यांचं ऋण त्याहून मोठं आहे. पुरातत्त्वज्ञ बा. ना. चापेकरांचं इथलं उत्खनन झालं 1958 मध्ये. त्याआधी मातीबरोबर गेलेलं कुठलंही उत्खनन परत आणू शकलं नसतं.

हा खाजगी संग्रह पुढे राज्य शासनाकडे आला आणि लामतुऱ्यांच्याच नावाने गावात संग्रहालय उभं राहिलं. रोमन नाण्यांच्या धर्तीवर घडवलेली मातीची पदकं इथे आहेत. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारशाखाही (दाराची चौकट) इथेच सांभाळलेली आहे. आणि तेरने जगाला दाखवलेली सर्वांत देखणी वस्तू म्हणजे हस्तिदंती स्त्रीमूर्ती. तिच्याशी जवळचं नातं सांगणारी मूर्ती 1938 मध्ये इटलीतल्या पाँपेई शहरात मिळाली, इसवी सन 79 च्या ज्वालामुखीच्या राखेखालून.