अफूचा काटा आणि आखाड्याची माती: इंदूरची पार्श्वभूमी

‘पोरगं मैदानावर असलं की नशेच्या नादी लागत नाही’ हे इंदूरच्या मराठी घरांत आजोबांपासून चालत आलेलं मत. इथे त्याला जुना संदर्भ आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जायची आणि त्यासाठी इंग्रजांचा काटा इंदुरात होता. सुमारे ६३ किलोची पेटी तोलायची, कर भरायचा, परवाना घ्यायचा. सगळा उघड व्यवहार. चीनची निर्यात १९१३ च्या सुमारास थांबली. पीक मात्र राहिलं: मंदसौर, नीमच, रतलामकडे आजही सरकारी परवान्यावर अफू होते. बेकायदा मालावरची आजची कडक शिक्षा १९८५ च्या कायद्यातून आली.

त्याच गावाने खेळही जपला. होळकरांच्या संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला, सी. के. नायडू हे त्याचे कर्णधार. आखाड्यात पहाटेची माती, जोर-बैठका, उस्तादांचा धाक. पण अनेक आखाड्यांत ठंडाईत भांगही घोटली जायची, हे विसरून चालणार नाही.

म्हणजे नुसत्या खेळाने भागत नाही, आणि अभ्यासही तेच सांगतात. अनेक देशांतल्या पाहण्यांत खेळणारी मुलं गांजा आणि इतर अमली पदार्थ कमी घेताना दिसली, दारू मात्र बऱ्याचदा जास्त; जिंकल्यावरची पार्टी हे त्याचं एक उघड कारण. आइसलँडमध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी महिन्याभरात दारू पिऊन झिंगलेली १९९८ मध्ये ४२ टक्के होती, २०१६ मध्ये ५ टक्के. तिथे क्लबची फी भरायला मदत मिळाली, पालक संघटित झाले, रात्री मुलांनी बाहेर राहण्यावर वेळेची मर्यादा होती. प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळणाऱ्यांना फायदा झाला. आपापलं खेळणाऱ्यांत तो दिसला नाही.

इंदुरात घोडं अडतं ते दहावीनंतर. कोचिंग सुरू होतं, सराव सुटतो, मित्र बदलतात आणि मुलाची संध्याकाळ कुणाच्याच नजरेत राहत नाही. अशा मुलाचं नाव हजेरीपटावरून काढू नये. आठवड्यातून दोन दिवस बोलवावं, लहानांच्या खो-खोला पंच म्हणून उभं करावं, आणि सलग दोन सराव चुकले तर त्याच संध्याकाळी घरी फोन करावा.

दुसरा धोका मैदानाच्या आतला. दुखापतीनंतर चिठ्ठीशिवाय घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, वजनगटात बसण्यासाठी लघवी वाढवणारं औषध, आणि जिममध्ये ‘ताकदीचं’ म्हणून दिलं जाणारं मेफेन्टरमिनचं इंजेक्शन. हे शस्त्रक्रियेत घसरलेला रक्तदाब वर आणायचं औषध आहे. त्याने स्नायू वाढत नाहीत. थकवा जाणवेनासा होतो, रक्तदाब चढतो, झोप उडते, आणि काही दिवसांत त्याच्याशिवाय व्यायामच होत नाही. पालकांनी मुलाची जिमची पिशवी उघडून बघावी: सिरिंज किंवा लेबल खरवडलेली छोटी बाटली दिसली, तर प्रशिक्षकाला विचारण्याआधी डॉक्टर गाठावा.