मराठी माध्यमातील इंग्रजी अध्ययनाच्या अडचणी

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी हा दहावीला तृतीय भाषेचा विषय असतो. पूर्वी तो पाचवीपासून सुरू होई. २००० मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून सुरू झाला. एबीसीडी लवकर येऊ लागली, अडचणी मात्र बऱ्याचशा त्याच राहिल्या.

स्पेलिंगचा धसका सर्वांत आधी बसतो. देवनागरी बहुतांशी लिहिली तशी वाचता येते. इंग्रजीत ‘बट’ आणि ‘पुट’ यांत ‘यू’ तोच, उच्चार वेगळे. ‘नाइफ’मधला ‘के’ नुसताच लिहायचा. म्हणून मुले पुस्तकात प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहितात आणि वाचताना नजर त्या पेन्सिलीच्या ओळीवरच ठेवतात. वाचन खणखणीत होते, खालची रोमन अक्षरे अनोळखीच राहतात. मराठीत ‘व’ एकच असल्याने ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ही कानाला सारखेच लागतात.

खरी ओढाताण वाक्यात होते. मराठी क्रियापद शेवटी येते, इंग्रजी कर्त्यामागोमाग. ‘टेबलावर’मधला ‘वर’ नामानंतर, ‘ऑन’ मात्र आधी. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांना मराठीत जोड नाही, त्यामुळे ती एक तर गळतात किंवा कुठेही डोकावतात. खुर्ची स्त्रीलिंगी, म्हणून तिला ‘शी’ म्हटले जाते. ‘मी इथे पाच वर्षांपासून राहतो’चे ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ होते. ‘डिडन्ट यू ईट?’ असे विचारल्यास उपाशी मूल ‘नो’ऐवजी ‘येस’ म्हणते. ‘हो, नाही जेवलो’ हे मराठीत बरोबरच आहे. या चुका मराठीच्या नियमांना धरून होतात, पण वही तपासताना त्यांवर नुसती लाल रेघ ओढली जाते. नियम कुठे वेगळा पडला, हे सांगायला तासात सवड नसते.

तास संपला की इंग्रजीही संपते. अनेक शिक्षक स्वतः मराठी माध्यमातून आलेले असतात आणि धडा ओळीओळीने भाषांतर करून शिकवतात. दहावीला ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असते. साहजिकच बोलणे मागे पडते आणि निबंध, पत्रे गाइडमधून पाठ होतात. सेमी-इंग्रजी वर्गांत, म्हणजे जिथे गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवतात तिथे, हीच पाठांतराची सवय विज्ञानाच्या व्याख्यांपर्यंत पोहोचते.

मेळघाटातील कोरकू किंवा नंदुरबारमधील भिली बोलणाऱ्या मुलांपुढे पेच दुहेरी असतो. इंग्रजी ज्या मराठीतून समजावली जाते, ती मराठीच त्यांना शाळेत येऊन शिकावी लागते.