सात सेंटिमीटरची शर्यत

मावशीला घेऊन गोव्यातल्या मोपा विमानतळावरून मुंबईला निघालो होतो. सुरक्षा तपासणीत महिला जवानाने दांडीला लावलेली एक पांढरी पट्टी मावशीच्या तळहातांवरून फिरवली, मग पर्सची चेन आणि बंद पुसले आणि पट्टी शेजारच्या यंत्राच्या फटीत सरकवली. काही सेकंदांत हिरवा दिवा लागला. "एवढी कसली धूळ पुसली रे तिने?" मावशीने विचारलं. मी काही बोलायच्या आत मागचे गृहस्थ म्हणाले, "मशीन वास घेतं, कुत्र्यासारखं." बातम्यांतही हेच वाचायला मिळतं. पण मावशीचा शब्दच बरोबर होता. पट्टीने धूळच पुसली होती.

वास येतो तो हवेत उडालेल्या रेणूंमुळे. फेणीचे किंवा पिकलेल्या फणसाचे रेणू भराभर उडतात, म्हणून दारातच कळतं की घरात काय आहे. हे यंत्र ज्याच्या मागावर असतं ते आरडीएक्ससारखं स्फोटक तसं उडत नाही. खोलीच्या तापमानाला हवेच्या एक लाख कोटी रेणूंमागे त्याचे रेणू जेमतेम बोटांवर मोजण्याइतके असतात. टीएनटी हे दुसरं स्फोटक जरा जास्त उडतं, तरी अब्जामागे मोजकेच. एवढ्या विरळ वाफेवर यंत्राने विसंबायचं कसं? २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं 'कनिष्क' आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं आणि ३२९ माणसं गेली. त्याआधी टोरांटोला सामान तपासताना एक्स-रे यंत्र मध्येच बंद पडलं होतं आणि उरलेल्या बॅगा हातात धरायच्या हुंगणाऱ्या यंत्राने तपासून पुढे पाठवल्या होत्या. हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

उडत नाहीत, पण ही द्रव्यं चिकटतात. ज्याने ती हाताळली त्याच्या बोटांच्या ठशात मायक्रोग्रॅमच्या घरातले कण राहतात आणि तिथून चेनला, मुठीला, मोबाईलला लागतात. यंत्राला एखादा नॅनोग्रॅम पुरतो. मिठाच्या एका बारीक कणाचे साठ हजार भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे साधारण एक नॅनोग्रॅम.

आता त्या फटीच्या आत काय होतं ते पाहू. मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग.

पट्टी दोनशे अंशांच्या आसपास तापते आणि कणांची क्षणात वाफ होते. या वाफेला विद्युतभार द्यायचा असतो. जुन्या यंत्रांत ते काम निकेल-६३ हा किरणोत्सर्गी धातू करतो. त्यातून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन इतके मंद असतात की त्वचेचा वरचा मृत थरही ओलांडत नाहीत, त्यामुळे किरणोत्सर्ग हा शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही. नव्या यंत्रांत बहुधा सुईच्या टोकावरच्या विद्युत विसर्जनाने भागवतात. टीएनटीच्या रेणूवर नायट्रोचे, म्हणजे नायट्रोजन-ऑक्सिजनचे, तीन गट असतात आणि ते ऋणभाराला ओढून घेतात. आरडीएक्स क्लोराइड आयनाला, म्हणजे क्लोरीनच्या ऋणभारित अणूला, घट्ट धरतं, म्हणून यंत्रात थोडं क्लोरीनयुक्त रसायन मुद्दाम सोडलेलं असतं. कोकेन आणि हेरॉईन या अमली पदार्थांची तऱ्हा उलटी. त्यांच्यातला नायट्रोजन प्रोटॉन हा धनभारित कण पकडतो आणि रेणू धनभारित होतो. तिथे अमोनियाची योजना असते. अमोनियापेक्षा ज्याची प्रोटॉनची ओढ जास्त, त्यालाच प्रोटॉन मिळतो. अल्कोहोलची ओढ कमी पडते, म्हणून हाताला फेणी लागलेली असली तरी यंत्र गप्प राहतं. फटाफट हजारो रेणूंतून नेमके संशयित वेगळे काढायची ही रासायनिक चाळण पहिल्यांदा समजली तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती.

मग एक बारीक जाळीचं दार सेकंदाच्या पाच-दहा हजाराव्या भागापुरतं उघडतं आणि आयनांचा, म्हणजे या भारित रेणूंचा, एक पुंजका पाच ते दहा सेंटिमीटर लांबीच्या नळीत शिरतो. नळीत दर सेंटिमीटरला दोनशेच्या आसपास व्होल्ट असतात. ते आयनांना पुढे ओढतात, आणि समोरून कोरडी हवा वाहत येते. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात ऐन गर्दीत एक मोकळ्या हाताचा पोरगा आणि डोक्यावर पाटी घेतलेली बाई एकाच वेळी निघाले, तर पोरगा आधी पोचेल. आयनांचं तसंच होतं. हवेच्या रेणूंशी सेकंदाला अब्जावधी टकरा होतात, आणि ज्याचा पसारा मोठा तो जास्त अडतो. दोघांचं वजन सारखं असलं तरी आटोपशीर बांध्याचा पुढे जातो आणि हातपाय पसरलेला मागे राहतो.

थोडा हिशेब करू. टीएनटीच्या आयनाची प्रमाणित गतिशीलता १.५४ आहे, म्हणजे दर सेंटिमीटरला एक व्होल्ट असेल तर तो सेकंदाला १.५४ सेंटिमीटर सरकतो. ही संख्या शून्य अंश तापमान आणि समुद्रसपाटीच्या दाबासाठी असते. नळी शंभर अंशांना असेल तर हवा विरळ होते आणि आकडा दोनच्या वर जातो. त्याला दोनशे व्होल्टने गुणलं की वेग येतो सेकंदाला चार मीटर, म्हणजे सायकलइतका. सात सेंटिमीटरची नळी पार करायला लागतात सुमारे सतरा मिलिसेकंद. कोकेनची गतिशीलता १.१६, म्हणून तेवढ्याच नळीला त्याला बावीस-तेवीस मिलिसेकंद लागतात. नळीच्या टोकाच्या पट्टिकेवर आयन आदळले की क्षीण प्रवाह उठतो. ती वेळ यादीतल्या वेळेशी जुळली की लाल दिवा लागतो. हवेतल्या आयनांच्या चालीचं गणित पॉल लांजव्हँ या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने १९०५ सालीच मांडलं होतं.

आता हे यंत्र गोव्यात आषाढात चालवायचं म्हणजे वेगळी कसोटी. पाण्याचे रेणू आयनाला गराडा घालतात, त्याचा पसारा वाढतो आणि तो उशिरा पोचतो. म्हणून नळीतली हवा आधी पाणी शोषणाऱ्या खड्यांतून कोरडी करून घेतात. आपल्याकडे भिंतींना बुरशी येते त्या महिन्यांत हे खडे लवकर भिजणार, ते वेळेवर बदलायलाच हवेत. हवेचा दाब उतरला तरी वेळा सरकतात, त्यासाठी ओळखीचं एक द्रव्य यंत्रातच ठेवलेलं असतं आणि त्याच्या वेळेवरून बाकीच्या दुरुस्त होतात.

पण यंत्राच्या हाती असते ती फक्त वेळ. तेवढी वेळ घेणारा दुसराही रेणू असू शकतो. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी म्हणजे एका जुन्या स्फोटकाचीच अल्पशी मात्रा. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, सकाळी नायट्रेटचं खत घालून कोणी तसाच विमान गाठायला निघाला, तर त्याचे हातही दिवा लावू शकतात. लाल दिव्यानंतर पुन्हा पट्टी फिरवतात, बॅग उघडून बघतात. घाबरून वाद घालण्यापेक्षा गोळ्यांचं पाकीट दाखवावं. अमली पदार्थांतही तेच. छाप्याच्या जागी अभिकर्मकाचा, म्हणजे तपासणीच्या रसायनाचा, थेंब जांभळा झाला तर तो फक्त संशय असतो, निर्णय प्रयोगशाळेतल्या सविस्तर पृथक्करणाचा. रंग बदलल्याच्या बातमीवरच पोराला गुन्हेगार ठरवून मोकळं होणं मला घातक वाटतं. एक्स-रेच्या पडद्यावर तर नारळ, चवळी आणि स्फोटक सगळंच नारिंगी दिसतं, कारण तो हलक्या मूलद्रव्यांचा रंग.

आपल्याकडे विहीर खणण्याआधी पाणाड्याला बोलावतात. हातावरचा नारळ उभा राहिला की इथे पाणी. बिचारा लबाड असेलच असं नाही. स्नायूंच्या नकळत हालचालीने नारळ हलतो आणि त्यालाही ते खरं वाटतं. 'एडीई ६५१' नावाची काडी लावलेली मूठ इराकमधल्या तपासणी नाक्यांवर बॉम्ब शोधायला दिली गेली तेव्हा नेमकं हेच चाललं होतं. आत वीज नव्हती, काहीच नव्हतं. मुळात ते गोल्फचे चेंडू शोधून देतं म्हणून विकलेलं खेळणं होतं. ते विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला २०१३ साली ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. त्या काडीवर भरवसा ठेवून सोडलेल्या गाड्यांची किंमत बगदादच्या रस्त्यांवरच्या माणसांनी मोजली.

खऱ्या यंत्राला ठरलेल्या वेळी माहीत असलेल्या द्रव्याचा नमुना लावलेली पट्टी घालून पाहतात. तेव्हा दिवा लाल व्हायलाच हवा. मग कोरी पट्टी घालतात, तेव्हा हिरवा व्हायला हवा. दोन्ही जमलं तरच ते यंत्र मावशीच्या तळहातांकडे वळतं.