यूसीला अ‍ॅडमिशन झाली, आता रायटिंग प्लेसमेंट आणि क्रेडिटचं काय? कोण पात्र, कागदपत्रं कोणती, कधीपर्यंत

दरवर्षी एप्रिल-मे आला की मला फोन सुरू होतात. कुणाची मुलगी, कुणाचा भाचा युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, म्हणजे यूसीच्या, कुठल्यातरी कॅम्पसला लागलेला असतो, पेढे वाटून झालेले असतात, व्हिसाची धावपळ चालू असते आणि मधेच पोर्टलवर एक ओळ दिसते की तुमची एंट्री लेव्हल रायटिंग रिक्वायरमेंट अजून पूर्ण झालेली नाही. घरातले सगळे हादरतात, अ‍ॅडमिशन जाते की काय. जात नाही, आधी श्वास घ्या. पण ती ओळ बाजूला ठेवून नुसती बॅग भरायला घेतली तर पुढे एक अख्खी टर्म आणि तिची फी त्यात जाऊ शकते, म्हणून हे सविस्तर लिहितेय. मी स्वतः कम्युनिटी कॉलेजातून, म्हणजे तिकडच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजातून, यूसीत गेले, त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्यात.

ही अट काही नवीन नाही. १८९८ पासून आहे, आधी तिला सब्जेक्ट ए म्हणायचे. मुद्दा एवढाच की पहिल्या वर्षाला येणाऱ्याला कॉलेजच्या पातळीचं लिखाण जमतं हे कशाने तरी दाखवून द्यायचं. अमेरिकन मुलांनाही हीच अट आहे, त्यामुळे आपण भारतातून आलो म्हणून मुद्दाम लावली असं डोक्यात घेऊ नका.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथे. तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि लोक त्या एकत्र करतात. प्लेसमेंट म्हणजे तुम्हाला कुठल्या वर्गात बसवायचं. अट म्हणजे ही रायटिंगची अट सुटली की नाही. आणि क्रेडिट म्हणजे डिग्रीला जी युनिट लागतात त्यात काय मोजलं जाणार. एक मिळालं म्हणजे दुसरं आपोआप मिळत नाही. बघा, सॅट या अमेरिकन प्रवेश परीक्षेच्या रीडिंग अँड रायटिंगला ६८० किंवा वर असतील तर अट सुटते पण युनिट एकही मिळत नाही. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) बोर्डाच्या मुलांना इंग्लिश ए स्टँडर्ड लेव्हलला ६ असतील तरी अट सुटते, पण त्या पेपरची युनिट नाहीत. तोच इंग्लिश ए हायर लेव्हलला घेऊन ५ किंवा वर असतील तर अट सुटते आणि ८ क्वार्टर युनिटही (वर्षात तीन टर्म असतात त्या पद्धतीतली युनिट) मिळतात. एपी, म्हणजे शाळेत असतानाच द्यायची कॉलेज पातळीची परीक्षा, तिच्या इंग्लिश लँग्वेज किंवा लिटरेचर, दोन्हीपैकी कुठल्याही एकाला ३ आले तरी अट सुटते आणि ८ क्वार्टर युनिट जमा होतात, पण दोन्ही पेपर दिलेत म्हणून १६ होत नाहीत, दोन्ही मिळून ८ च. आणि अट सुटली म्हणजे पुढचे रायटिंगचे कोर्स सुटले असंही नाही, ते प्रत्येक कॅम्पस आणि प्रत्येक कॉलेज आपलं आपलं ठरवतं, तिथे बऱ्याचदा एपीला ४ किंवा ५ मागतात. एसीटी ही सॅटसारखीच दुसरी परीक्षा दिली असेल तर इंग्लिश आणि रीडिंग मिळून ६३ चालतात.

आता आपल्याकडचे दोन हमखास गैरसमज. बारावीला इंग्लिशला ९० च्या वर आहेत, मग सूट मिळेल ना? नाही मिळत. बोर्ड कुठलंही असो, बारावीचे मार्क अ‍ॅडमिशनसाठी, या अटीसाठी नाहीत. दुसरं, टोफेल १०० च्या वर आहे किंवा आयेल्ट्सला ७.५ बँड आहेत. तेही चालत नाही. टोफेल-आयेल्ट्स म्हणजे तुम्हाला इंग्लिशमधला वर्ग कळेल एवढाच पुरावा, लिखाणाची अट ही वेगळी गोष्ट. आणि सीएलईपी नावाची जी परीक्षा इतर काही युनिव्हर्सिट्या क्रेडिटला धरतात ती यूसी अजिबात धरत नाही, कुणी सांगितलं तरी तिच्यावर पैसे घालवू नका.

सॅटचं जरा जास्त सांगते कारण यात आमच्याच घरात घोळ झाला. यूसी २०२१ पासून अ‍ॅडमिशनसाठी सॅट बघतच नाही, हे खरं आहे. त्यामुळे माझ्या भाचीला तिच्या कन्सल्टंटने सांगितलं की स्कोअर पाठवायची गरज नाही, आणि तिचे रीडिंग-रायटिंगचे ६९० सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या अकाउंटमध्ये तसेच पडून राहिले. अ‍ॅडमिशन झाली, पोर्टलवर अट अपूर्ण दिसायला लागली, ती बिचारी नाशिकला बसून प्लेसमेंटच्या निबंधाची तयारी करतेय, रोज मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक परिच्छेद पाठवतेय, आणि मी पण तपासतेय! शेवटी ऑगस्टमध्ये बोलता बोलता तिने सॅटचा विषय काढला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्याच रात्री स्कोअर पाठवला, थोड्या दिवसांनी पोर्टलवरची ती ओळ गेली. अ‍ॅडमिशनला बघत नाहीत पण प्लेसमेंटला धरतात, ही एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी हे सगळं लिहिल्याचं सार्थक झालं. स्कोअर जुना असला, अ‍ॅडमिशनच्या वेळी पाठवला नसला तरी हरकत नाही, पण तो कॉलेज बोर्डाकडूनच जायला हवा. स्क्रीनशॉट किंवा पीडीएफ मेल केलेली चालत नाही.

यातलं काहीच नसेल तर? मग प्लेसमेंट. पूर्वी सगळ्या यूसीची मिळून एकच दोन तासांची लेखी परीक्षा असायची, दोन परीक्षक प्रत्येकी ६ पैकी मार्क द्यायचे आणि बेरीज ८ आली की पास. ती सामायिक परीक्षा आता बंद झालीय आणि प्रत्येक कॅम्पसने आपापली पद्धत आणलीय. कुठे ऑनलाइन उतारा वाचून निबंध लिहायचा, कुठे प्रश्नावली भरायची, तुम्ही आतापर्यंत काय वाचलं, किती पानांचं लिहिलं, आणि त्यावरून कुठला कोर्स योग्य ते सुचवतात. म्हणून मित्राच्या कॅम्पसवर काय झालं ते विचारून तयारी करू नका, आपल्या कॅम्पसच्या रायटिंग प्रोग्रामचं पान उघडा. आणि तारीख बघताना ती पॅसिफिक वेळेत आहे हे विसरू नका, तिकडची रात्रीची ११:५९ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारची १२:२९.

निबंध असेल तर एक सांगते, मनापासून. आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा, इंग्लिश मीडियमचा, वक्तृत्वात बक्षिसं मिळवलेला. त्याने दिलेला उतारा वाचला आणि आपण शाळेत शिकतो तसा निबंध लिहिला, सुरुवातीला एक सुविचार, मग फायदे, मग तोटे, मग शेवटी 'प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात'. भाषा अगदी स्वच्छ, स्पेलिंगची एक चूक नाही. आणि तरी त्याला पहिल्या पायरीचा कोर्स मिळाला. कारण त्यांना हवं असतं ते वेगळंच, लेखक नेमकं काय म्हणतोय ते तुमच्या शब्दांत सांगा, तुम्हाला पटतं का नाही ते ठामपणे सांगा, आणि का ते उताऱ्यातल्या किंवा तुमच्या अनुभवातल्या एखाद्या उदाहरणाने दाखवा. फायदे-तोटे दोन्ही मोजून मधे उभं राहिलं की त्यांच्या दृष्टीने तुम्ही काहीच म्हटलं नाही. त्या कोर्समध्ये त्याच्या पहिल्या ड्राफ्टच्या समासात मॅडमनी एकाच पानावर तीन ठिकाणी लिहिलं होतं, 'म्हणून काय?' मला त्याने ते पान फोटो काढून पाठवलं होतं, रागाने. टर्मच्या शेवटी त्याच मॅडमकडे त्याने पुढचाही कोर्स घेतला.

पहिल्या पायरीचा कोर्स मिळाला की आपल्याकडे घरात लगेच 'इंग्लिश मीडियमचा असून नापास?' सुरू होतं. कृपा करून असं मुलांना बोलू नका. हे नापास होणं नाही. उदाहरणार्थ बर्कलीला कॉलेज रायटिंग आर१ए नावाचा कोर्स आहे, तो केला की ही अटही सुटते आणि बर्कलीच्या रीडिंग अँड कॉम्पोझिशनचा पहिला अर्धा भागही होतो, म्हणजे वेळ वाया जात नाही. पण तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. ग्रेड सी किंवा वर हवी, सी मायनस चालत नाही. अट पहिल्या वर्षातच पूर्ण करायची असते, म्हणजे क्वार्टरवाल्या कॅम्पसला तीन क्वार्टर, बर्कली आणि मर्सेडला सेमिस्टर आहेत तिथे दोन सेमिस्टर. तोपर्यंत नाही झाली तर पुढच्या टर्मला नाव नोंदवताना अडवतात (ज्यांना आधी मल्टिलिंग्वल किंवा ईएसएलचे (इंग्लिश ही दुसरी भाषा असणाऱ्यांसाठीचे) कोर्स दिलेत त्यांना जास्त वेळ मिळतो). आणि तिसरी, जी लोकांना फार उशिरा कळते, एकदा यूसीत तुमची टर्म सुरू झाली की बाहेरच्या कॉलेजात स्वस्तात कोर्स करून ही अट सोडवता येत नाही, मग यूसीचाच कोर्स. बाहेरचा करायचा तर त्याआधी, म्हणजे जास्तीत जास्त आधीच्या समरपर्यंत. तोही फी भरण्याआधी कॅम्पसला ईमेल करून लेखी उत्तर घ्या की हा अमुक कोर्स चालेल का.

तो बाहेरचा कोर्स म्हणजे इंग्लिश कॉम्पोझिशनचा, ४ क्वार्टर किंवा ३ सेमिस्टर युनिटचा, यूसीला ट्रान्सफर होणारा. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात त्याला आतापर्यंत जागोजागी वेगळं नाव होतं, कूपरटिनोच्या डी अँझाला ईडब्ल्यूआरटी १ए, सँटा मोनिकाला नुसतं इंग्लिश १. २०२५ च्या फॉलपासून, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या टर्मपासून, सगळ्या कम्युनिटी कॉलेजांना एकच नंबर आणायला सुरुवात झाली, इंग्लिश सी१०००, आणि त्याच्या पुढचा क्रिटिकल थिंकिंगचा इंग्लिश सी१००१. जुन्या ट्रान्सक्रिप्टवर जुनंच नाव असेल, ते बदलून घ्यायची गरज नाही.

फ्रीमाँट, सॅन होजेकडच्या आपल्या मराठी घरांतली कितीतरी मुलं आधी कम्युनिटी कॉलेज आणि मग यूसी असा रस्ता घेतात, काही मुलं भारतातून थेट एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर तिथेच येतात. त्यांच्यासाठी गणित जरा वेगळं. कम्युनिटी कॉलेजात आता पूर्वीसारखी प्लेसमेंट टेस्ट नसते, २०१७ च्या एबी ७०५ कायद्यापासून हायस्कूलच्या ग्रेडवरून किंवा स्वतः माहिती भरून प्लेसमेंट होते आणि शक्यतो थेट ट्रान्सफर लेव्हलच्या इंग्लिशमध्येच बसवतात. तिथून यूसीला ज्युनियर म्हणून, म्हणजे थेट तिसऱ्या वर्षाला, जायचं तर ६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर ट्रान्सफरेबल युनिट, सात ठराविक कोर्स, त्यातले दोन इंग्लिश कॉम्पोझिशनचे, एक गणिताचा, सगळ्यांना सी किंवा वर, आणि जीपीए कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला किमान २.४, बाकीच्यांना २.८. हे किमान आहे, त्यावर अ‍ॅडमिशन मिळेलच असं नाही. कुठला कोर्स कशाच्या बदल्यात धरतात ते असिस्ट नावाच्या सरकारी साइटवर कॉलेज आणि कॅम्पस निवडून दिसतं. मित्र काय म्हणतो, सीनियर काय म्हणतो यापेक्षा असिस्ट काय म्हणतं ते धरा. आणि दोन कॉम्पोझिशनपैकी एक शेवटच्या स्प्रिंगसाठी ठेवू नका, तो एक अडकला तर सगळं अडकतं.

इथे एफवाय-एसवाय करून मग जाणाऱ्यांचे पण प्रश्न येतात. एफवायबीकॉमचं कंपल्सरी इंग्लिश कॉम्पोझिशन म्हणून चालेल का? चालणार नाही असं धरूनच चला आणि तिकडचे दोन कोर्स करायची तयारी ठेवा, कारण आपल्या पेपरमध्ये धड्यांवरचे प्रश्न, पत्र, रिपोर्ट असतं आणि त्यांना हवे असतात अनेक लांब निबंध, ड्राफ्ट, पुन्हा ड्राफ्ट. बाकीचे विषय, अकाउंटन्सी, इकॉनॉमिक्स, गणित, हे यूसी तपासून ठरवते. त्यासाठी प्रत्येक विषयाचा त्या वर्षीचा सिलॅबस आत्ताच डाउनलोड करून ठेवा, सिलॅबस बदलला की जुना शोधणं फार अवघड जातं, माझा अनुभव आहे. विषयाचं नाव, किती लेक्चर, कुठली पुस्तकं, परीक्षेची पद्धत, एवढं त्यात दिसलं पाहिजे.

कागदपत्रं आणि तारखा सांगते. येतोय हे कळवायचं, म्हणजे स्टेटमेंट ऑफ इंटेंट टू रजिस्टर, फ्रेशमनसाठी साधारण १ मे, ट्रान्सफरसाठी १ जून. शेवटची ऑफिशियल ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत, एपी-आयबीचे ऑफिशियल स्कोअर १५ जुलैपर्यंत. एपीचा निकाल जुलैच्या सुरुवातीला लागतो, पण एका युनिव्हर्सिटीला फुकट पाठवायची निवड २० जूनच्या आत करायची असते, नंतर पैसे पडतात. ट्रान्सक्रिप्ट तुम्ही शिकलात त्या प्रत्येक कॉलेजची लागते, एकच विषय घेऊन सोडला असेल तरी, मार्क वाईट असतील तरी. लपवलेलं कॉलेज नंतर निघालं तर अ‍ॅडमिशन रद्द होऊ शकते, हे गांभीर्याने घ्या. आपल्या युनिव्हर्सिटीची ट्रान्सक्रिप्ट काढायला वेळ लागतो, गणपतीच्या सुट्ट्या, परीक्षेचा सीझन, सगळं मधे येतं, तेव्हा अर्ज मार्च-एप्रिलमध्येच टाका आणि दोन-तीन सीलबंद प्रती जास्त घ्या. पासपोर्टवरचं नाव, मार्कशीटवरचं नाव आणि सॅट-एपीच्या अकाउंटवरचं नाव एकसारखं आहे का बघा, आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मधे असतं कधी नसतं, आडनाव आधी की नंतर, त्यामुळे स्कोअर पोचूनही तुमच्या फाइलला जोडला जात नाही.

सगळं पाठवल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पोर्टल उघडून बघा. अट अजून अपूर्ण दिसत असेल तर अ‍ॅडमिशन ऑफिसला मेल करा, त्यात स्टुडंट आयडी, जन्मतारीख, परीक्षेचं नाव, महिना-वर्ष आणि स्कोअर पाठवल्याची पावती एवढं एकाच मेलमध्ये द्या. ओरिएंटेशनच्या आत हे झालं पाहिजे, कारण कोर्स निवडायचे असतात तेव्हा आणि रायटिंगचे चांगल्या वेळेचे सेक्शन आधी भरतात, मग सकाळी ८ चं उरतं.