पन्हा, वार आणि पाव: क्विल्टच्या कापडाची मापं कुठून आली

क्विल्ट म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेली गोधडी. तिच्या कापडाच्या दुकानात एकाच ठाणातून पाव वार दोन तऱ्हांनी मिळतो. एक ९ इंचांचा, पण पूर्ण पन्ह्याचा, म्हणजे कापडाच्या पूर्ण रुंदीचा (वापरण्याजोगे साधारण ४२ इंच). दुसरा १८ इंचांचा आणि अर्ध्या पन्ह्याचा, त्याला फॅट क्वार्टर म्हणतात. दोन्हींचं क्षेत्रफळ सारखंच. तरीही १० इंचांचा चौकोन पहिल्यातून एकही निघत नाही, दुसऱ्यातून दोन निघतात. ५ इंची चौकोन पहिल्यातून ८ आणि दुसऱ्यातून १२. माझ्या मते या खरेदीचं मर्म इथेच आहे: पैसे लांबीचे मोजायचे, पण हाती काय येणार ते आकार ठरवतो. याची मुळं बरीच मागे जातात.

वार म्हणजे ३६ इंच. इंग्लंडच्या जुन्या कापड-व्यवहारात त्याचे चार पाव आणि दर पावाचे चार ‘नेल’ करत. एक नेल सव्वादोन इंचांचा. खरा हिशोब पावात चाले. इंग्लिश एल हे माप ५ पावांचं, म्हणजे ४५ इंचांचं, तर फ्लेमिश एल ३ पावांचं, म्हणजे २७ इंचांचं. आजचा ९ इंची पाव थेट त्या व्यवहारातून आलेला आहे. देशोदेशीच्या वारात असलेला बारीकसा फरक १९५९ साली मिटला. अमेरिका, ब्रिटन आणि इतर चार देशांनी मिळून वार बरोबर ०.९१४४ मीटरचा ठरवला.

लांबी अशी कराराने ठरली. पन्हा मात्र मागाने ठरवला. विणकर धोटा (आडवा धागा नेणारं साधन) एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलत असे, त्यामुळे एकट्या माणसाच्या मागावर कापडाची रुंदी त्याच्या हातांच्या पोचेएवढीच राही. जास्त रुंद कापडाला दोन विणकर बसवावे लागत. १७३३ साली जॉन के याने धावत्या धोट्याचं पेटंट घेतलं आणि ही अडचण दूर झाली. तरी छापील सुती कापड पुढेही दीर्घकाळ अरुंदच राहिलं. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ३६ इंच पन्हा सर्रास असे. ४४-४५ इंचांचा प्रघात नंतरचा. म्हणून जुन्या नमुन्यात ‘४ वार’ लिहिलेलं दिसलं, तर तो कोणत्या काळचा आहे ते आधी बघावं. ३६ इंची पन्ह्याच्या ४ वारांएवढं क्षेत्रफळ ४४ इंची पन्ह्यात सव्वातीन वारांच्या आसपास भरतं.

आणि ४४ इंच म्हणजे हातात ४४ इंच नव्हेत. ठाणाची कड जवळून पाहिली तर तिथे घट्ट विणीची किनार दिसते, आणि तिच्या बाजूने बारीक छिद्रांची रांग. कापड शेवटच्या प्रक्रियेत दोन्ही कडांना टाचण्यांवर ताणून धरतात, त्याच्या या खुणा. छापील कापडावर तिथेच रंगीत ठिपकेही असतात. छपाईत कोणकोणते रंग वापरलेत ते त्यावरून कळतं आणि जुळता रंग शोधायला फार उपयोग होतो. ही किनार बाकीच्या कापडापेक्षा वेगळी आटते, म्हणून ती क्विल्टमध्ये घेऊ नये. ती काढल्यावर उरतात साधारण ४२ इंच. हिशोब याच आकड्यावर करावा.

गंमत अशी की पन्ह्याची एवढी चिंता आधीच्या पिढ्यांना नव्हती. पुठ्ठ्याचा साचा ठेवायचा, पेन्सिलीने आखायचं, कात्रीने एकेक तुकडा कापायचा. साचा कुठल्याही कातरणावर बसे. १९३०च्या दशकातल्या महामंदीच्या काळात अमेरिकी घरांत पिठाच्या आणि पशुखाद्याच्या छापील सुती पिशव्या उसवून क्विल्ट शिवले गेले. तिथे पिशवी उलगडल्यावर जेवढं कापड मिळे, तेवढंच माप.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत क्विल्टिंगला पुन्हा बहर आला. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुने क्विल्ट चित्रांसारखे भिंतीवर मांडले होते. मग १९७९ साली जपानच्या ओल्फा कंपनीने फिरत्या गोल पात्याचा कटर आणला. खाली चटई, वर पारदर्शक पट्टी, आणि घडी घातलेल्या कापडाचे अनेक थर एका दमात कापले जाऊ लागले. साचे मागे पडले. नमुने ‘पन्हाभर अमुक इंचाच्या इतक्या पट्ट्या’ अशा भाषेत लिहिले जाऊ लागले आणि पन्हा हाच हिशोबाचा पाया झाला. माझ्या लेखी या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच.

पट्ट्यांच्या या पद्धतीतूनच तयार कापलेल्या गठ्ठ्यांची वाट मोकळी झाली. मोडा या अमेरिकी कंपनीने २००६ साली जेली रोल आणला: अडीच इंची पन्हाभर पट्ट्यांची गुंडाळी, बहुधा चाळीसेक पट्ट्यांची. अडीचच का? दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच शिलाईत जातो आणि दिसायला नेमके २ इंच उरतात. याच न्यायाने चार्म पॅक या चौकोनांच्या तयार गठ्ठ्यातला ५ इंची चौकोन शिवल्यावर साडेचार इंचांचा होतो. लेयर केक हाही असाच गठ्ठा, त्याचा चौकोन १० इंचांचा. त्यातून ५ इंची चार किंवा अडीच इंची सोळा चौकोन वाया न घालवता निघतात.

या गठ्ठ्यांची कड बहुधा दातेरी असते. माप दात्यांच्या टोकापासून धरलंय की खाचेपासून, हे निर्मात्यागणिक बदलतं, तेव्हा शिवण्याआधी एक तुकडा पट्टीवर ठेवून बघावा. हे तुकडे आधी धुवू नयेत, सुटतात आणि वाकडे होतात. वारावर घेतलेलं कापड मात्र आधी धुणार असाल, तर आटण्यासाठी थोडं जास्त घ्यावं.

मीटरने कापड विकणाऱ्या देशांत फॅट क्वार्टर अर्ध्या मीटरचा निम्मा, म्हणजे सुमारे ५० बाय ५५ सेंटिमीटरचा असतो. मूळ १८ इंच म्हणजे ४५.७ सेंटिमीटर, त्यामुळे इंचांतल्या नमुन्याला तो आरामात पुरतो. उलट, नमुना मीटरमधला आणि कापड वारावर घेतलेलं असेल, तर दर फॅट क्वार्टरमागे चार सेंटिमीटरांहून अधिक तूट येते.