मधुमेह व उच्च रक्तदाबातील हिरड्यांचे आजार

दातांभोवतीची हिरडी, दात हाडाशी बांधणारे तंतू आणि ते हाड यांना जंतूंच्या थरामुळे येणारी सूज व झीज. सूज हिरडीपुरतीच असते तोवर जिंजिवायटिस; ती पूर्ण बरी होते. हाड झिजू लागले की पेरिओडॉन्टायटिस, लोकांच्या तोंडी पायोरिया. गेलेले हाड सहसा परत येत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब या मधुमेह पाहणीत मधुमेहाचे देशातील सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. त्यामुळे इथे हा विषय एकट्या दंतवैद्याचा राहत नाही.

मधुमेहाशी नाते दुहेरी आहे. साखर चढी राहिली की पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत, जखम रेंगाळते, तोंड कोरडे पडते. उलट हिरडीतली जुनाट सूज इन्सुलिनचा परिणाम कमी करते. दातांच्या मुळांपर्यंत सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा) सरासरी ०.४ टक्क्याच्या आसपास उतरल्याचे चाचण्यांत दिसले आहे. औषध सोडावे इतका हा फरक नाही. पण साखर हटत नसेल तर हिरड्या बघायलाच हव्यात.

रक्तदाबाचा संबंध इतका सरळ नाही. हिरड्यांचा आजार आणि वाढलेला दाब बरेचदा सोबत आढळतात, कारण कोणते नि परिणाम कोणता हे ठरवणे अवघड. गोळ्यांचा परिणाम मात्र स्पष्ट आहे: निफेडिपिन आणि, कमी प्रमाणात, अ‍ॅम्लोडिपिन घेणाऱ्या काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात, विशेषतः पुढच्या. कीटण असेल तर जास्तच. गोळी डॉक्टर बदलू शकतात. आपणहून बंद करू नये.

गावांत मशेरीची सवय अजून आहे. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येते आणि आजारी हिरडी ठणठणीत वाटते. ‘सफाई केली की दात हलतात’ हा समजही पक्का. प्रत्यक्षात हाड आधीच गेलेले असते, कीटणाचा आधार निघाल्यावर ते कळते एवढेच.

बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात हिरड्यांच्या आजारांवर उपचार होतात. तिथे किंवा खाजगी दवाखान्यात जाताना उपाशी जाऊ नये, नाहीतर खुर्चीतच साखर उतरते. पातळभाजी-पाव खाऊन, नेहमीच्या गोळ्या घेऊन निघावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तिची पट्टी दंतवैद्याला दाखवावी.